शनिवारी लिहिलेलं पत्र

मोंटाना, २ सप्टेंबर १९८४

प्रिय लेपेका,

देवाच्या कृपेने मी खुशाल आहे, आणि तुम्ही सगळेही खुशाल असाल अशी आशा करतो. (हे वाक्य आईसाठी. ते नसलं तर ती म्हणेल, पोरगं बर्फात गेलं आणि देवाला विसरलं.)

शेवटचं वर्ष सुरू झालं. मेमध्ये पदवी, आणि मग तू शिकवतेस त्याच शाळेत विज्ञान शिकवायला तुझा धाकटा भाऊ हजर! तेव्हा पोरांसमोर मला ‘ए फेलेती’ म्हणायचं नाही, सर म्हणायचं.

या वर्षी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात मी पहिल्या फळीत आहे. म्हणजे शिट्टी वाजली की समोरच्या रेड्यावर डोकं घालून धावून जायचं. इथले गोरे मला विचारतात, तुम्ही समोआची पोरं एवढी दणकट कशी? मी सांगतो, आमच्याकडे आई हाताने जेवायला घालते आणि त्याच हाताने मारते.

बाबांच्या थडग्यावर पांढऱ्या फरश्या बसल्या का? जानेवारीत सिमेंट मी कालवलं होतं, वरचा थर जरा उंचसखल राहिला. येता-जाता दारातच दिसतं ते, म्हणून विचारतो. गवंड्याला आधी घासून घ्यायला सांग.

तुझा,
फेलेती

---

आमानावे, तुतुइला बेट, १७ सप्टेंबर १९८४

प्रिय फेलेती सर,

फरश्या बसल्या. आई रोज सकाळी थडगं पुसते आणि बाबांना सांगते, फेलेती मेमध्ये मास्तर होणार. मग आत येऊन मला विचारते, मे किती लांब आहे गं?

तुझी पत्रं मी आईला मोठ्याने वाचून दाखवते, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा मला जे एकटीला सांगायचं असेल ते वेगळ्या कागदावर लिहीत जा. माझाही हा दुसरा कागद तुझ्या एकट्यासाठी आहे.

आपल्या गावचा सेमी, तो टॅकोमाच्या लष्करी तळावरचा, त्याने पाद्रीबाबांच्या घरी फोन केला होता. तो तुमचा पहिला सामना बघायला आला होता म्हणे. तुला भेटायला गेला तर तू बाकावर डोकं हातात धरून बसला होतास आणि तू त्याला ‘सेमी कुठंय?’ असं विचारलंस. तो हसत होता. त्याला वाटलं तू थट्टा करतोयस.

थट्टा होती का? एका ओळीत कळव. मला झोप नाही.

लेपेका

---

मोंटाना, शनिवार, २९ सप्टेंबर

प्रिय लेपेका,

आज सामना झाला. जिंकलो वाटतं. बाबांना सांग, होडीची वल्ही मी नाताळात आलो की करून देईन, त्यांनी एकट्याने झाड तोडायला जाऊ नये, त्यांचा गुडघा दुखतो. इथे उजेड फार आहे. बाबांनाच दोन ओळी लिहायला सांग, बऱ्याच दिवसांत त्यांचं अक्षर बघितलं नाही. ते रागावले आहेत का माझ्यावर?

बाबांना सांग, होडीची वल्ही मी नाताळात आलो की करून देईन.

फेलेती

---

मोंटाना, ७ ऑक्टोबर १९८४

प्रिय लेपेका,

महिना झाला, एक ओळ लिहिली नाही. चूक झाली, कान पकडतो. अभ्यास आणि सराव यांतून मान वर काढायला वेळ नाही.

मागच्या शनिवारी जिंकलो. माझं नाव इथल्या वर्तमानपत्रात आलंय, कात्रण सोबत आहे. नावाचं स्पेलिंग चुकवलंय, पण पाद्रीबाबांना दाखव.

आणि सेमीचं काय घेऊन बसलीस! तो लहानपणापासून बावळट. थट्टा कळत नाही त्याला. मी ठणठणीत आहे. इथे डॉक्टर आहेत, मालिश करणारे आहेत, राजासारखी बडदास्त आहे. तू झोप.

तुझा,
फेलेती

---

आमानावे, १८ ऑक्टोबर १९८४

फेलेती,

तुझी दोन्ही पत्रं एकाच विमानाने आली. मी दारात बसून आधी २९ तारखेचं फोडलं. आई समोर अळूची पानं निवडत होती. मी नेहमीसारखी मोठ्याने वाचायला लागले. ‘आज सामना झाला. जिंकलो वाटतं. बाबांना सांग,’ आणि पुढची ओळ मला दिसली. आईने मान वर केली. समोर बाबांचं थडगं होतं. मी म्हटलं, ‘बाबांना सांग की मला त्यांची आठवण येते.’ मग पुढचा मजकूर मी मनाने रचला. आई डोळे पुसत म्हणाली, किती गुणाचं पोर. मी ते पत्र घेऊन घराच्या मागे गेले.

मग दुसरं पत्र वाचलं. ‘महिना झाला, एक ओळ लिहिली नाही.’

तुझं ते पत्र परत पाठवते आहे. अक्षर तुझं आहे, सही तुझी आहे, पाकिटावर तुमच्या गावाचा शिक्का आहे. बघ आणि मला सांग हे कोणी लिहिलं. ज्या हातांनी तू बाबांच्या थडग्याचं सिमेंट कालवलंस, त्याच हातांनी हे लिहिलंयस फेलेती.

मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. वादळात छप्पर उडालं तेव्हासुद्धा नाही. छप्पर गेलेलं दिसत तरी होतं.

बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, असं आपल्याकडे म्हणतात. बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही. तो हक्क मी तुझ्यावर कधी गाजवला नाही. गाजवला असेल तर फक्त नीरफणसाचा मोठा तुकडा मागायला. आज गाजवते. खेळ सोड. आजच सोड. पदवी मिळव किंवा मिळवू नकोस, पण त्या मैदानात पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

लेपेका

---

मोंटाना, २८ ऑक्टोबर १९८४

प्रिय लेपेका,

ते पत्र मी खूप वेळा वाचलं. अक्षर माझंच आहे. लिहिल्याचं मला आठवत नाही. तो शनिवार सकाळच्या न्याहारीपर्यंत आठवतो, त्यानंतर एकदम सोमवार. खोलीतल्या वेनला विचारलं. तो म्हणाला, तू जेवलास, अंघोळ केलीस, विनोद केलेस आणि माझ्याकडून तिकीट मागून घेऊन पत्र टाकायला गेलास. त्याला काही वेगळं जाणवलं नाही. लेपेका, माझ्या अंगात दोन दिवस दुसराच कोणी राहून गेला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता तुला खरं सांगतो. इथे डोक्याला मार लागला की मालिशवाला मैदानात धावत येतो आणि बोटं वर करून विचारतो, किती? तो नेहमी दोनच बोटं दाखवतो. गेली चार वर्षं दोनच. आम्हा सगळ्यांना ते पाठ आहे. डोळे मिटलेले असले तरी ‘दोन’ म्हणायचं. मग तो पाठीवर थाप मारतो आणि आम्ही परत उभे राहतो. त्यालाही माहीत आहे की आम्हाला माहीत आहे. तीनदा मी असा ‘दोन’ म्हणून उठलोय.

पण मी सोडू शकत नाही. शिष्यवृत्ती खेळाची आहे, अभ्यासाची नाही. सोडलं तर नाताळनंतर खोली नाही, जेवण नाही, वर्ग नाही. पुढच्या शनिवारी सामना आहे आणि त्यानंतर फक्त दोन. एवढे काढले की मेपर्यंत निवांत अभ्यास. बाबांनी शेवटी हात धरून काय सांगितलं होतं ते मला आठवतं, ते कोणाच्या धडकेने गेलेलं नाही. पदवीचा कागद घेऊन ये, असं म्हणाले होते.

तुझा शब्द पहिल्यांदा मोडतो आहे. फक्त तीन शनिवार. तोपर्यंत माझ्यासाठी प्रार्थना कर आणि आईला काही सांगू नकोस.

फेलेती

---

आमानावे, ८ नोव्हेंबर १९८४

फेलेती,

तुझं पत्र काल मिळालं. एक शनिवार त्यातच गेला. तो तू कसा काढलास ते मला माहीत नाही. आज सकाळी मी बंदरावरच्या कचेरीत जाऊन तुमच्या कॉलेजच्या डॉक्टरांना तार केली. सविस्तर पत्र याच विमानाने जातंय.

त्यात काय लिहिलंय ते तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक. १९८१ साली तुला बोलावणं आलं तेव्हा एक फॉर्म आला होता. बाबा म्हणाले, लेपेका, तुझं इंग्रजी चांगलं, तू भर. त्यात एक प्रश्न होता. मुलगा कधी डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला आहे का, आणि किती वेळा? मी ‘नाही’ लिहिलं.

तू शाळेत असताना दोनदा पडला होतास. दुसऱ्या वेळी तुला फळीवर घालून आणलं, तू माझ्या मांडीवर ओकलास, आणि तुझा शर्ट मी आईच्या नकळत समुद्रावर धुतला. मला सगळं ठाऊक होतं. पण शेजारच्या पोरांच्या घरी विचारलं तर सगळ्यांनी ‘नाही’च लिहिलं होतं. ‘हो’ लिहिणाऱ्या घरचं पोर बेटावरच राहतं आणि माशांच्या कारखान्यात जातं, हे सगळ्यांना पाठ होतं. तुझी ‘दोन’ बोटं तिथे आहेत. इथे आमचं हे ‘नाही’ आहे.

त्या खोट्याच्या जिवावर तू गेलास. आता ते खोटं मी परत घेतलंय. तुला न विचारता घेतलंय. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि मग मला तुझं ऐकावंसं वाटलं असतं.

मला शिव्या दे. जिवंत राहून दे.

लेपेका

---

मोंटाना, २४ नोव्हेंबर १९८४

आदरणीय भगिनी लेपेका यांच्या सेवेशी,

आपल्या तारेची योग्य ती दखल घेण्यात आली. दहा तारखेच्या सामन्याआधी कोचनी मला बोलावून घेतलं, आपली तार वाचून दाखवली आणि कपाटाची किल्ली मागून घेतली. संघातल्या पोरांनी मला रस्ता करून दिला, जणू मला संसर्गाचा रोग झालाय. शिष्यवृत्ती नाताळपर्यंतच आहे असं लेखी कळवण्यात आलं आहे.

बहिणीपुढे भावाने आवाज चढवू नये ही आपली रीत मला ठाऊक आहे. म्हणून चढवत नाही. आपण जे केलंत ते विचार करूनच केलं असेल. आपले उपकार आहेत.

आईला नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक,
फेलेती

---

आमानावे, २० फेब्रुवारी १९८५

फेलेती,

हे चौथं पत्र. तुझं एकही नाही.

तुझं ते ‘आपण’वालं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता. तू एखादी शिवी लिहिली असतीस तर मी उशाशी घेऊन झोपले असते.

गावाला कळलंय. थोरले काका चर्चच्या पायरीवर सगळ्यांसमोर म्हणाले, सख्ख्या बहिणीनेच पोराच्या पोटावर पाय दिला. आई त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. मे किती लांब आहे, हे आता विचारत नाही.

हे सगळं मी सहन करीन. मी घाबरते ती वेगळ्याच गोष्टीला. आठवड्यातून दोनदा विमान येतं, दोनदा मी टपालकचेरीच्या बाहेर उभी राहते आणि मनात म्हणते, देवा, तो रागावलेला असू दे. रागवायला लक्षात राहावं लागतं. तू रागावला असशील तर सगळं ठीक आहे. नसशील, आणि तुला मी आठवतच नसेन तर?

एक रिकामं पाकीट पाठव. वर माझं नाव तुझ्या हाताने लिही. तेवढं पुरे.

लेपेका

---

मोंटाना, १६ जून १९८५

लेपेका,

मी अजून रागावलेलो आहे. हे आधी लिहितो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

पदवी मिळाली नाही. तुला वाटेल तुझ्या तारेमुळे. मलाही तसंच वाटत होतं आणि ते वाटणं बरं होतं, एक माणूस सापडत होता. पण जानेवारीत फी भरायला गेलो तर खिडकीतल्या बाईंनी माझ्या विषयांची नोंदवही उघडली आणि विचारलं, तुला कशाची पदवी हवी आहे? म्हटलं, विज्ञान शिक्षक. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. संघाचा सल्लागार दर वर्षी आमचे विषय भरून द्यायचा, आम्ही सही करायचो. ‘संघखेळाचे सिद्धांत’, ‘फावल्या वेळेचा उपयोग’, असे सोपे विषय. त्याने खेळता येतं, शिक्षक होता येत नाही. चार वर्षांतलं निम्मं पाण्यात. तू तार केली नसतीस तरी मेमध्ये माझ्या हातात काही पडणार नव्हतं, आणि ते मला मेमध्येच कळलं असतं.

मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलतो. त्यावर राहणं-जेवण निघतं. वेनने त्याच्या वडिलांच्या शेतावर उन्हाळ्याचं काम दिलंय. सप्टेंबरपासून दोन-दोन विषय घेईन.

आता वेगळा कागद आहे असं समज. डॉक्टरांनी तपासलं. ते म्हणाले, आणखी एक धडक बसली असती तर काय झालं असतं ते आम्ही सांगू शकत नाही. डोकं आठवड्यातून तीन दिवस दुखतं. एक पान तीनदा वाचतो, दुसऱ्या दिवशी ते नवं असतं. माणसांची नावं निसटतात. चेहरा दिसतो, सगळी हकिकत आठवते, नाव नाही. लेपेका, मला वर्गात बसायची भीती वाटते. समोरून धावत येणाऱ्या कुणाचीही एवढी वाटली नव्हती.

फेलेती

---

आमानावे, १२ जानेवारी १९८६

प्रिय फेलेती,

रसायनशास्त्रात नापास झालास असं लिहिलंयस. एका ओळीत, आणि मग तीन ओळी बर्फाबद्दल. मी शाळामास्तरीण आहे. पोरं मुख्य गोष्ट एका ओळीत कधी लिहितात ते मला कळतं.

हल्ली मी तुझं पाकीट घरी आणत नाही. टपालकचेरीच्या दारातच फोडते. आधी तारीख बघते, मग बाबांचा उल्लेख कुठे आहे ते शोधते, ते गेलेले आहेत याची खात्री करून घेते, आणि मग घरी येऊन आईला वाचून दाखवते. असली खात्री करणारी मुलगी मी एकटीच असेन.

घरी ये. कागद नको. काकांना काय बोलायचं ते बोलू दे, आईला मी समजावीन. इथे समुद्र आहे, अळू आहे, तुला कोणी परीक्षा घेऊन विचारणार नाही. बाबांनी कागद मागितला तेव्हा त्यांना हे सगळं माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांनी तुलाच मागितलं असतं.

लेपेका

---

मोंटाना, ९ डिसेंबर १९८६

प्रिय लेपेका,

घरी येणार नाही, इतक्यात नाही. रागाने म्हणत नाही, राग कधी गेला तेही कळलं नाही. (घाबरू नकोस, बाकी सगळं लक्षात आहे.)

रसायनशास्त्रात दुसऱ्यांदा नापास झालो होतो, तुला कळवलं नव्हतं. पेपर समोर आला आणि सगळं पांढरं. तास संपेपर्यंत मी फक्त माझं नाव लिहून बसलो. प्रयोगशाळेत मिसेस हॉल्व्हरसन म्हणून आहेत, सत्तरीच्या, तोंडाने फटकळ. त्यांनी कोरा पेपर बघून मला बोलावलं आणि म्हणाल्या, ‘ढ असतास तर काहीतरी चुकीचं लिहिलं असतंस. तुझं डोकं कुणी फोडलं?’ इतक्या वर्षांत कोणी असं सरळ विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी वरपर्यंत भांडून माझी परीक्षा तोंडी घ्यायची परवानगी आणली. आता मी धडे टेपवर वाचतो आणि बटाटे सोलताना ऐकतो. स्वयंपाकीण म्हणते, तुझ्यामुळे मलाही आम्ल आणि अल्क कळायला लागलं.

काल तोंडी परीक्षा झाली. मध्येच एक मूलद्रव्य आठवेना. त्यांनी टेबलावरचं घड्याळ पालथं घातलं. बऱ्याच वेळाने ते आलं.

पास झालो. आता दोन विषय उरले.

फेलेती

---

मोंटाना, २४ मे १९८७

प्रिय लेपेका,

कागद मिळाला. निकाल कालच लागला आणि समारंभही कालच झाला. हे आईला मोठ्याने वाच, दोनदा वाच, काकांच्या दारात उभी राहून तिसऱ्यांदा वाच.

समारंभात तीनेकशे जण होतो. मिसेस हॉल्व्हरसन माझ्या मागेच बसल्या होत्या, पाठीत बोट खुपसून म्हणाल्या, ऊठ, तुला बोलावलं. मी उठलो, गेलो, घेतला. वेन शिट्ट्या मारत होता. कागदावर स्पेलिंग बरोबर आहे.

इथून पुढचा कागद तुझ्या एकटीसाठी.

नाव पुकारलं तेव्हा मला ते ऐकू आलं होतं. ते माझं आहे हे कळायला वेळ लागला. बोट खुपसलं नसतं तर मी बसून राहिलो असतो. शिक्षक होईन, शिकवीनही. धडे मला येतात, टेपा सोबत आणतोय. हजेरी मात्र पट बघूनच घेईन, आणि पोरांना वाटेल सर कडक आहेत. पण इतकी वर्षं तुला ‘मी ठणठणीत आहे’ असं लिहिणारा माणूस आता ते लिहू शकत नाही. मला भीती वाटते, लेपेका. रोज सकाळी वाटते. तू तार केली नसतीस तर भीती वाटायलाही कोणी उरलं नसतं, हे मला आता कळतं. माफी मागायला मोठा कागद लागेल, ती समोर मागीन.

चार जूनच्या विमानाने येतो. सगळं गाव विमानतळावर येणार, मला ठाऊक आहे. काका, पाद्रीबाबा, शाळेतली पोरं, एकेक जण पुढे येऊन गळ्यात हार घालणार आणि मी प्रत्येकाला नावाने हाक मारावी म्हणून बघत राहणार. तू माझ्या शेजारी उभी राहा, अगदी खांद्याला लागून. कोणी पुढे आलं की हळूच कानात नाव सांग. लोकांना वाटेल, बहीण-भावाच्या गुजगोष्टी चालल्यात.

आई पुढे येईल तेव्हा मात्र गप्प राहा. ते माझं मला आलं पाहिजे.

फेलेती